कोणत्या घाणीला कोणता कोळसा?

पीक काढून नेलं की शेतात किती काय उरतं, याचा अंदाज शेतीबाहेरच्या माणसाला सहसा नसतो. गहू किंवा भाताच्या एक किलो दाण्यामागे साधारण एक ते दीड किलो काड उरतं. त्यातलं काही जनावरांपुढे जातं, काही कुजतं आणि जगभर बरंचसं पेटवून दिलं जातं, कारण पुढच्या पेरणीपर्यंत वेळ थोडा असतो. तिकडे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून पाणी स्वच्छ होऊन बाहेर पडतं, पण त्यातली घाण काही नाहीशी झालेली नसते, ती गाळात उतरलेली असते. घाण खाऊन वाढलेले जिवाणू, मैल्याचे कण, रोगजंतू, औषधांचे अंश, जड धातू, सगळं त्या काळ्या चिकट गाळात. केंद्र चालवण्याच्या खर्चातला मोठा वाटा, कधी कधी निम्म्यापर्यंत, या गाळाचं करायचं काय यातच जातो.

या दोन्ही नकोशा गोष्टींचा कोळसा करायचा आणि त्याच कोळशाने सांडपाणी साफ करायचं, ही कल्पना ऐकताक्षणी आवडते. मलाही ती मनापासून आवडते. पण तिच्याबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्याचा सूर असा असतो, की बायोचार, म्हणजे काड, शेण, गाळ अशा मालाचा केलेला हा कोळसा, ही एकच एक वस्तू आहे आणि कुठल्याही पाण्यात टाकली की काम झालं. प्रत्यक्षात काडाचा कोळसा, शेणाचा कोळसा आणि गाळाचा कोळसा यांचे गुण अगदी वेगळे असतात. एकाच काडाचा ३५० अंशांवर केलेला कोळसा आणि ७०० अंशांवर केलेला कोळसा यांतही जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून 'बायोचारने पाणी साफ होतं का?' या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणती घाण काढायची आहे आणि भरलेला कोळसा पुढे कुठे जाणार आहे, हे आधी ठरलं तरच बोलता येतं.

भट्टीत काय घडतं

राख आणि बायोचार यांच्यातला फरक हवेमुळे पडतो. काड उघड्यावर पेटवलं की त्यातला कार्बन ऑक्सिजनशी जोडला जाऊन कार्बन डायऑक्साइड होतो आणि उडून जातो. हातात राख राहते. तेच काड बंद भांड्यात, हवा जवळजवळ पूर्ण तोडून तापवलं तर जळायला ऑक्सिजनच मिळत नाही. उष्णतेने त्यातले मोठे रेणू तुटत जातात. या प्रक्रियेला पायरोलिसिस म्हणतात.

तापमान चढत जातं तसं आत काय होतं ते बघण्यासारखं आहे. शंभर अंशांच्या आगेमागे ओल निघून जाते आणि नळीतून पांढरी वाफ येत राहते. मग वनस्पतीच्या पेशींच्या भिंतीतल्या द्रव्यांची पाळी. २२० अंशांच्या पुढे हेमिसेल्युलोज तुटायला लागतं. ३१५ ते ४०० अंशांच्या दरम्यान सेल्युलोजची पाळी येते. याच टप्प्यात वजन झपाट्याने घटतं आणि दाट, पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. त्या धुरात डांबरासारखं तेल असतं आणि जळणारा वायूही असतो. लिग्निन, म्हणजे खोडाला ताठपणा देणारं द्रव्य, मात्र सावकाश तुटतं. त्याचं तुटणं १६० अंशांच्या सुमारास सुरू होऊन थेट ९०० अंशांपर्यंत चालू राहतं. मागे उरणाऱ्या कोळशात मोठा वाटा याच लिग्निनचा. म्हणून करवंट्या, कपाशीच्या पराट्या, लाकडाचे तुकडे यांच्यासारख्या टणक मालातून कोळसा जास्त पडतो आणि दाणेदार मिळतो.

हळूहळू ५००-६०० अंशांपर्यंत नेलं तर कोरड्या मालाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा कोळसा मिळतो. बाकीचं वजन तेल आणि वायू होऊन निघून जातं. त्या वायूत हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन असतं. हा वायू भट्टीखालीच नीट जाळला तर एकदा भट्टी पेटल्यावर बाहेरचं इंधन फारसं लागत नाही. तो न जाळता मोकळा सोडणारी भट्टी मला मुळीच मान्य नाही. मिथेन आणि डांबराचा धूर हवेत सोडून पाणी साफ करायचं म्हणजे घाण पाण्यातून काढून हवेत टाकायची.

तयार कोळसा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या जशाच्या तशा दिसतात. वनस्पतीचा सांगाडा शाबूत राहिलेला असतो. त्या नळ्या काही दशांश ते काही शतांश मिलिमीटर रुंद असतात आणि पाण्याला आत शिरायची वाट त्या करून देतात. खरं काम चालतं ते त्यांच्या भिंतींमध्ये. तिथे २ नॅनोमीटरहून बारीक छिद्रांचं जाळं तयार झालेलं असतं. लाकडाचा ६००-७०० अंशांवर केलेला बायोचार घेतला तर एका ग्रॅमचा आतला-बाहेरचा मिळून पृष्ठभाग २०० ते ४०० चौरस मीटर भरू शकतो. ॲक्टिव्हेटेड कार्बनचा आकडा ५०० ते १५०० पर्यंत जातो, कारण त्याला ८००-९०० अंशांवर वाफ देऊन किंवा फॉस्फोरिक आम्ल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांसारखी रसायनं वापरून आणखी कोरलेलं असतं. गाळाचा बायोचार या हिशेबात फारच मागे असतो, बहुधा शंभराच्याही खाली.

हा आकडा बघून गाळाचा कोळसा निकामी ठरवणं ही घाई होईल. पृष्ठभाग किती आहे याच्या जोडीने त्यावर काय आहे हेही पाहावं लागतं.

घाणीचे प्रकार आणि कोळशाचे गुण

कोळशाने द्रावणाचा रंग उतरतो हे १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्स या रसायनतज्ज्ञाने दाखवलं. टार्टारिक आम्लाच्या द्रावणावर काम करताना त्याच्या हे लक्षात आलं. पुढे एकोणिसाव्या शतकात साखर कारखान्यांत हाडांचा कोळसा वापरून रस पांढरा करायची पद्धत रूढ झाली. त्यामुळे सेंद्रिय रंग काढणं हे कोळशाचं सर्वांत जुनं आणि सर्वांत हमखास काम म्हणता येईल.

सांडपाण्यात आज याच जातीची घाण म्हणजे कापड उद्योगातले रंग, कीटकनाशकं आणि औषधांचे अंश. फेफऱ्यावर दिलं जाणारं कार्बामॅझेपीन हे औषध घ्या. माणसाच्या शरीरातून ते सांडपाण्यात येतं आणि प्रक्रिया केंद्रातले जिवाणू त्याला जवळजवळ हात लावत नाहीत. आत गेलं तेवढंच बाहेर पडतं आणि नदीत जातं. अशा रेणूंना पाण्यात राहण्यापेक्षा कोळशाच्या पृष्ठभागावर चिकटणं सोयीचं पडतं, कारण जास्त तापलेल्या कोळशात कार्बनच्या षटकोनी कड्यांचे पत्रे तयार झालेले असतात आणि औषधांच्या, रंगांच्या रेणूंतही तशाच कड्या असतात. एकमेकांवर सपाट बसल्या की त्या धरून राहतात. या कामाला ६०० अंशांच्या वर केलेला, बारीक छिद्रांचा, कमी राखेचा कोळसा लागतो. इथे पृष्ठभागाच्या आकड्याला किंमत आहे.

जड धातूंचं गणित उलटं आहे. शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त हे पाण्यात धन भाराचे आयन म्हणून फिरत असतात. त्यांना धरायला ऋण भाराची जागा लागते. ती जागा पुरवतात कोळशावरचे ऑक्सिजनयुक्त गट, आणि हे गट ३०० ते ४५० अंशांच्या कोळशावर भरपूर असतात. तापमान वाढवत नेलं की ते गळून पडतात. म्हणजे रंगांसाठी उत्तम ठरलेला ७०० अंशांचा कोळसा धातूंच्या बाबतीत कमी पडू शकतो. त्या तापमानाला राखेतली खनिजं वाढलेली असतात, त्यामुळे मालात राख भरपूर असेल तर थोडी भरपाई होते, एवढंच.

खनिजांची ही गोष्ट शेणाच्या कोळशात फार सुंदर दिसते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली दुभत्या गुरांच्या शेणापासून २०० आणि ३५० अंशांवर कोळसा करून तो शिशाच्या द्रावणात टाकला. शिसं कोळशाला नुसतं चिकटत असेल असं कुणालाही वाटेल. पण अडकलेल्या शिशापैकी ८० टक्क्यांहून जास्त शिसं चिकटलेलं नव्हतंच. शेणात मुळात फॉस्फेट आणि कार्बोनेट असतात. ते कोळशातून किंचित विरघळत होते, लगतच्या पाण्यातल्या शिशाला गाठत होते आणि न विरघळणाऱ्या खनिजाचे बारीक कण तयार करत होते. एकेका कणाभोवती शिशाचं दगडासारखं खनिज साचत जातं, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. त्याच कामात ॲक्टिव्हेटेड कार्बन या कोळशाच्या बराच मागे पडला. छिद्रं त्याच्याकडे कितीतरी जास्त होती, पण फॉस्फेट नव्हतं.

क्रोमियमचा प्रकार आणखी निराळा. चामड्याच्या आणि मुलामा देण्याच्या उद्योगांतून निघणारं सहासंयुजी क्रोमियम अतिशय विषारी असतं आणि ते ऋण भाराच्या रूपात फिरतं. पाणी आम्लधर्मी असेल तर कोळशाचा पृष्ठभाग त्याला खेचून घेतो, त्याला इलेक्ट्रॉन देतो आणि त्याचं त्रिसंयुजी क्रोमियम करतो. ते बरंच कमी घातक असतं आणि कोळशावर अडकूनही राहतं. पाणी उदासीन किंवा अल्कधर्मी असेल तर मात्र हाच कोळसा जवळजवळ काहीच करत नाही. म्हणून पाण्याचा सामू (पीएच) न सांगता दिलेला कोणताही 'इतके टक्के क्रोमियम गेलं' असा आकडा मी तरी बाजूला ठेवतो.

फॉस्फेट, नायट्रेट, आर्सेनेट (आर्सेनिकचं एक रूप) ही ऋण भाराची मंडळी. साधा बायोचारही ऋण भाराचा. दोघं एकमेकांना दूर ढकलतात. काही साधे बायोचार तर फॉस्फेट काढण्याऐवजी स्वतःतलं फॉस्फेट पाण्यात सोडतात. इथे कोळशावर धातूची ऑक्साइडं चढवावी लागतात: फॉस्फेटसाठी मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा लोह, आर्सेनिकसाठी लोह. आर्सेनिकमध्ये एक मेख आहे. आर्सेनाइट हे त्याचं दुसरं रूप नेहमीच्या पाण्यात भाररहित असतं आणि सहज निसटतं, त्यामुळे आधी त्याचं आर्सेनेट करून घ्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. इतकं खाली उतरायचं तर अशी निसटती वाट उघडी ठेवून चालत नाही.

गाळ: अडचण आणि ठेवा

आता गाळाकडे येऊ. गाळाचा कोळसा करायचा म्हटल्यावर पहिला अडथळा पाण्याचा. यंत्राने पिळून काढलेल्या गाळातही साधारण ८० टक्के पाणी असतं. हिशेब करून बघू. एक किलो ओल्या गाळात ८०० ग्रॅम पाणी आणि २०० ग्रॅम कोरडा माल. ते पाणी तापवून वाफ करायला सुमारे २ मेगाज्यूल उष्णता लागते. कोरड्या गाळात किलोमागे १० ते १५ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे २०० ग्रॅममध्ये २ ते ३. कागदावर जेमतेम तोंडमिळवणी झाली. पण ती सगळी ऊर्जा हाताला लागत नाही. काही कोळशातच राहते, काही भट्टीच्या भिंतींतून निसटते. त्यामुळे ओला गाळ थेट भट्टीत घालणं हा उघड तोट्याचा व्यवहार आहे. ऊन असेल तिथे उन्हात वाळवणं, किंवा भट्टीची वाया जाणारी उष्णता वाळवणीला वापरणं, यावाचून हे जमत नाही. दुसरा मार्ग म्हणजे बंद भांड्यात दाबाखाली, १८० ते २५० अंशांवर, ओला माल ओलाच शिजवणं. त्यातून हायड्रोचार मिळतो. वाळवणीचा खर्च वाचतो, पण मागे अतिशय मलीन पाणी उरतं आणि त्यावर पुन्हा प्रक्रिया करावी लागते.

वाळलेल्या काडाची आणि गाळाची जोडी जमते ती इथे. काड कोरडं असतं, त्यातून वायू भरपूर निघतो, तो गाळ वाळवायला कामी येतो. काडाने कार्बन आणि छिद्रं पुरवायची, गाळाने फॉस्फरस, लोह, कॅल्शियम पुरवायचं. एकत्र भाजलेल्या कोळशात दोन्हींचे गुण उतरतात.

पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण केंद्रातला गाळ तर मला याहून मोलाचा वाटतो आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जातं. नदीचं गढूळ पाणी निवळायला तुरटी किंवा फेरिक क्लोराइड घालतात. खाली बसणाऱ्या गाळात ॲल्युमिनियम किंवा लोहाची हायड्रॉक्साइडं खच्चून भरलेली असतात. फॉस्फेट आणि आर्सेनिक धरायला कोळशावर जे धातू मुद्दाम रसायनं विकत घेऊन चढवायचे, तेच इथे टाकाऊ म्हणून पडलेले आहेत. लोहाचा गाळ काडाबरोबर भाजला तर योग्य तापमानाला त्यातल्या काही लोहाचं चुंबकाला चिकटणारं मॅग्नेटाइट होतं. पाण्यात मिसळलेली बारीक भुकटी नंतर चुंबकाने गोळा करता येते. बारीक भुकटी काम झपाट्याने करते, पण पाण्यातून परत काढणं जिकिरीचं असतं, आणि ही अडचण त्यामुळे बरीच हलकी होते.

मैल्याच्या गाळाबाबत मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भट्टीत रोगजंतू मरतात, प्लास्टिकचे सूक्ष्म कण तुटतात, औषधांचे बहुतेक अंशही तुटून जातात. धातू जात नाहीत. वजन निम्मं झालं की जस्त, तांबं, शिसं यांचं प्रमाण किलोमागे जवळपास दुप्पट होतं. बहुतेक वेळा ते कोळशातल्या खनिजांत पक्के बसतात आणि कच्च्या गाळापेक्षा कमी झिरपतात, ही जमेची बाजू. पारा मात्र वायूबरोबर उडतो, काही अंशी कॅडमियमही, आणि तो धुराड्यातच अडवावा लागतो. ज्या गावच्या मैल्यात कारखान्यांचं पाणी मिसळतं तिथला गाळ आणि फक्त घरगुती मैल्याचा गाळ हे दोन वेगळे पदार्थ समजावेत.

प्रयोगशाळेतलं पाणी आणि नाल्यातलं पाणी

या विषयावरचे बरेच प्रयोग एका ठरावीक साच्याचे असतात. शुद्ध पाण्यात मिथिलिन ब्लू हा एकच निळा रंग घालतात, कोळसा टाकतात, ढवळतात आणि रंग गेला की आकडा लिहितात. मिथिलिन ब्लू धन भाराचा आणि सपाट कड्यांचा असल्यामुळे तो जवळजवळ कुठल्याही कोळशाला चिकटतो. त्यावरून सांडपाण्याबद्दल फारसं कळत नाही.

खऱ्या सांडपाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्यातून, मैल्यातून आलेले शेकडो सेंद्रिय रेणू असतात, आणि लिटरमागे त्यांचं वजन औषधाच्या अंशापेक्षा हजारो पट जास्त भरतं. गाडीत गर्दी आधी चढून जागा अडवून बसली तर मागून आलेल्या प्रवाशाला उभं राहायलाही ठाव मिळत नाही, तसं त्या औषधाचं होतं. मोठे रेणू छिद्रांची तोंडंच बुजवतात ते वेगळंच. शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे आयन धातूंच्या जागा बळकावतात. प्रयोगशाळेत ग्रॅममागे ५० मिलिग्रॅम धरणारा कोळसा नाल्याच्या पाण्यात त्याचा एक लहानसा हिस्साच धरतो.

दुसरा फरक प्रमाणाचा. कोळसा किती धरेल हे पाण्यात घाण किती शिल्लक आहे त्यावर ठरतं. अर्विंग लँगम्युअरने १९१८ साली मांडलेल्या समीकरणाचा साधा अर्थ असा, की घाण दाट असेल तर जागा भराभर भरतात, पाणी विरळ होत गेलं की भरणं मंदावतं. जाहिरातीतला कमाल आकडा दाट द्रावणातला असतो. आपल्याला हवं असतं स्वच्छ पाणी, म्हणजे समीकरणाचं नेमकं दुसरं टोक.

अमोनियाचं उदाहरण घ्या, म्हणजे बायोचारकडून कोणती अपेक्षा ठेवू नये ते कळेल. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे ३५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन धरू. हजार लिटरमध्ये ३५ ग्रॅम झाले. साधा बायोचार ग्रॅममागे ५ मिलिग्रॅम धरतो असं मानलं तर हजार लिटरला ७ किलो कोळसा लागेल. दहा हजार वस्तीचं, माणशी शंभर लिटर पाणी म्हटलं तरी रोज ७ टन कोळसा, आणि तो करायला रोज वीसेक टन काड. हे कुणीही करू नये. अमोनिया काढणं हे जिवाणूंचं काम, आणि ते ते उत्तम करतात. बायोचारचा उपयोग इथे वेगळ्या तऱ्हेने होतो. दाणेदार कोळशाच्या थरावर, वनस्पती लावलेल्या पाणथळ गाळणीत, जिवाणूंना खडबडीत, कुठे हवेशीर कुठे कोंदट अशी जागा मिळते. अमोनिया कोळशावर थोडा वेळ थांबतो, जिवाणू तो खातात, जागा मोकळी होते, पुन्हा भरते. असा थर महिनोन् महिने चालतो, कारण कोळसा तिथे साठवण्यासाठी नाही, जिवाणूंच्या वस्तीसाठी आहे.

म्हणून माझ्या मते बायोचारची योग्य जागा बहुतेक ठिकाणी शेवटची: जिवाणूंनी आपलं काम केल्यावर उरलेला रंग, औषधं, धातू, फॉस्फेट यांसाठी. आणि जिथे मोठं केंद्रच नाही, लहान वस्ती किंवा एखादा गोठा आहे, तिथे गाळणीचा थर म्हणून.

गाळणीचा थर कसा चालतो तेही थोडक्यात. वरून घाण पाणी येतं, वरचा थर आधी भरतो, मग भरलेल्याची सीमा हळूहळू खाली सरकते. खालून पाणी स्वच्छच येत राहतं आणि एके दिवशी ती सीमा तळाला पोचते. पुढच्या काही तासांत घाण सुटायला लागते. डोळ्यांना काही दिसत नाही, औषधाला ना रंग ना वास. म्हणून दोन थर एकामागे एक लावून मधल्या पाण्याची तपासणी करत राहणं हाच शहाणपणाचा मार्ग. पहिला भरला की तो काढायचा, दुसरा त्याच्या जागी आणायचा आणि ताजा मागे लावायचा.

वापरण्याआधी

भट्टीतून काढलेला कोळसा सरळ गाळणीत भरू नये. मूठभर कोळसा पेलाभर पाण्यात टाकून ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी काळपट दिसतं, सामू बऱ्याचदा ९-१० पर्यंत चढलेला असतो. राखेतले पोटॅशियमचे क्षार आणि बारीक काजळी पाण्यात उतरलेली असते. हे धुऊन काढलं नाही तर गाळणीतून पहिले काही दिवस आत गेलं त्याहून वाईट पाणी बाहेर पडतं आणि बारीक भुकटीने थर तुंबतो.

दुसरी काळजी धुराची. भट्टीतला धूर थंड होऊन पुन्हा कोळशावरच बसला तर नॅप्थालीन, बेन्झोपायरीन अशी संयुगं त्यावर राहतात, आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. म्हणून शेवटच्या टप्प्यात वायू पूर्ण बाहेर खेचला जायला हवा. चांगल्या कोळशाला वास येत नाही आणि हाताला तेलकटपणा लागत नाही. प्रयोगशाळेत तपासायचं तर हायड्रोजन आणि कार्बन यांच्या अणूंचं गुणोत्तर ०.७ हून कमी आलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय बायोचार संघटनेच्या आणि युरोपीय प्रमाणपत्राच्या निकषांत ही अट आहे. आणखी एक, ताज्या कोळशाचा कोरडा ढीग रचून ठेवू नये. तो हवेतला ऑक्सिजन ओढून आतून तापतो आणि पेटू शकतो. पाणी मारून, पसरून थंड होऊ द्यावा.

भरलेला कोळसा

कोळसा भरला की पुढे काय, हे न ठरवता भट्टी पेटवणाऱ्या योजना मला अपुऱ्या वाटतात. रंग आणि औषधं धरलेला कोळसा पुन्हा भट्टीत घालता येतो. उष्णतेने ते रेणू तुटतात आणि छिद्रं मोकळी होतात. ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या अनुभवावरून दर फेरीत ५ ते १० टक्के माल घटतो. ठिसूळ बायोचारची घट त्याहून जास्त धरावी. काड मुबलक असेल तर जुना कोळसा इंधन म्हणून व्यवस्थित धूर-नियंत्रण असलेल्या भट्टीत जाळून नवा करणं सोपं पडतं.

धातू भरलेला कोळसा शेतात टाकू नये. 'कोळशाने जमीन सुधारते' हे खरं असलं तरी शिसं, कॅडमियम, क्रोमियम भरलेल्या कोळशाला ते लागू होत नाही. आम्लाने धुऊन धातू परत मिळवता येतात. पण शेणाच्या कोळशातल्या शिशासारखं खनिजच तयार झालं असेल तर ते सहजी सुटत नाही. अशा वेळी तो कोळसा झिरप-चाचणी करून घातक कचऱ्याच्या सुरक्षित जागीच जायला हवा. आकारमान मात्र मूळ पाण्याच्या मानाने नगण्य झालेलं असतं, हा मोठाच फायदा.

फॉस्फेट भरलेला कोळसा शेतात जायलाच हवा. खताचा फॉस्फरस खाणीतल्या खडकातून येतो आणि ते साठे मर्यादित आहेत. तोच फॉस्फरस पिकातून अन्नात, अन्नातून मैल्यात आणि मैल्यातून तळ्यात जाऊन शेवाळ माजवतो. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम फॉस्फरस धरला आणि मॅग्नेशियम चढवलेला कोळसा प्रत्यक्षात ग्रॅममागे २० मिलिग्रॅम धरतो असं मानलं, तर हजार लिटरला पाव किलो कोळसा पुरतो. अमोनियाच्या ७ किलोंशी ही तुलना करा. भरलेल्या कोळशात २ टक्के फॉस्फरस येतो. डायअमोनियम फॉस्फेट या खतात २० टक्के असतो, म्हणजे तेवढ्याच फॉस्फरससाठी दहापट वजन वाहून न्यावं लागेल. म्हणून हा कोळसा लांब पाठवण्यात अर्थ नाही, केंद्राच्या जवळपासच्या शेतांतच तो परवडेल. कोळशावरचा फॉस्फरस सावकाश सुटतो, पहिल्याच पावसात वाहून जात नाही, आणि कोळशातला कार्बन जमिनीत दीर्घकाळ टिकतो. अट एवढीच, की त्या मैल्यात कारखान्याचं पाणी मिसळलेलं नसावं आणि प्रत्येक खेपेचा कोळसा शेतात जाण्याआधी धातूंसाठी तपासलेला असावा.